सीताबर्डीतलं गिटार सेटअप: बँडवाल्यांसाठी

वर्षानुवर्षं बँडमध्ये वाजणारी गिटार नागपुरात वर्षातून दोनदा सेटअप, म्हणजे मान-तारांची जुळणी, मागते. मे महिन्यातल्या 45 अंशांच्या कोरड्या उन्हात मान सरळ होते, तारा फ्रेटला (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांना) घासून खरखरतात, म्हणजेच फ्रेट बझ येतो. पावसाळ्यात ओल धरून पुढे वाकते, अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, चढते. सीताबर्डीतल्या या बोळकांडीएवढ्या दुकानात क्रम बरोबर पाळतात: नव्या 10-46 जाडीच्या तारा, ट्यूनिंग, मग मानेचा बाक ठरवणारा ट्रस रॉड एका वेळी पाव फेराच. बाराव्या फ्रेटवर पातळ तार 1.6 मिमी उंच, जाड 2. इन्टोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर सूर खरा लागणं, शेवटी.

फ्रेटची टोकं मात्र घासत नाहीत. मान आकसली की बोटांना टोचतात. आणि केबल खोचायच्या सैल जॅकचा नुसता नट आवळून देतात. त्याने आतली वायर पिळते, सोल्डरचा टाका सुटतो, ऐन सोलोत आवाज गायब! सोल्डरिंग समोर उभं राहून करून घ्या.