कॅफीन-थिॲनीनची कॅप्सूल: दिवाळी ते मे, कबड्डीच्या मैदानावर

एका कॅप्सूलमध्ये 100 मिलीग्रॅम कॅफीन, 200 मिलीग्रॅम एल-थिॲनीन (चहाच्या पानांत सापडणारं अमिनो ॲसिड). वापर आठवड्यातून तीनदा, सात महिने. मैदान वऱ्हाडातलं, मातीचं.

फरक पडतो, पण पायांत नाही, डोक्यात. दमलेला रेडर समोरचे गडी मोजायचं विसरतो अन् पाचच उरले असताना बोनस लाइनवर पाय टाकून परत येतो. बोनस सहा किंवा जास्त असले तरच मिळतो. दुसऱ्या हाफमधली ही चूक कॅप्सूलच्या दिवशी कमी दिसली. स्टॅमिन्यासाठी घेणार असाल तर राहू द्या. त्याला वजनाच्या किलोमागे निदान 3 मिलीग्रॅम कॅफीन धरतात, म्हणजे 60 किलोच्या गड्याला 180.

सामन्याच्या तासभर आधी, केळं खाऊन घ्यायची. पहाटे उपाशीपोटी घेतली की हात थरथरतात, पोटात जळजळतं. (तर्री-पोहे मात्र सामना झाल्यावरच.) संध्याकाळी सहाची प्रॅक्टिस असेल तर घेऊच नका. कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. रात्रीची झोप गेली की दुसऱ्या दिवशी लक्ष आणखी उडतं. टपरीवरचे चहाही हिशोबात धरा, तीन चहांत जवळपास एक कॅप्सूल होते.

एप्रिल-मे मध्ये मात्र हिचा उपयोग जाणवेना. कारण पाणी. प्रॅक्टिसआधी आणि नंतर धान्याच्या काट्यावर उभं राहून बघा: 60 किलोच्या गड्याचं वजन सव्वा किलोनं उतरलं, म्हणजे 2 टक्के गेले, की लक्ष लागत नाही. तिथं एक लिटर पाण्यात ओआरएसचं मोठं पाकीट, तेच काम करतं. टिनाच्या खोलीत ठेवलेल्या डबीतल्या कॅप्सूल मे मध्ये एकमेकींना चिकटून गोळा झाल्या. डबी माठाजवळही नको, ओल धरते.

सुटी कॅफीन पावडर स्वस्त पडते, पण घेऊ नका. एका चमच्यात काही ग्रॅम बसतात, ते जिवावर बेततं.

कॅफीन 2004 पासून वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत नाही. पण ‘फोकस’ लिहिलेल्या, व्यायामाआधी घ्यायच्या प्री-वर्कआउट पावडरच्या डब्यांत डीएमएए हे उत्तेजक असू शकतं, कधी ‘जिरेनियम अर्क’ या नावाखाली. स्पर्धेत त्यावर बंदी आहे. ज्या डब्यावर प्रत्येक घटकाचं वेगळं वजन नाही, तो दुकानातच ठेवा.

अठराच्या आतल्या पोरांना, बीपीवाल्यांना, छातीत धडधडणाऱ्यांना देऊ नये. रोज घेणाऱ्यांनी एकदम बंद केली तर दोन-तीन दिवस डोकं ठणकतं.