ब्रेक लागत नाही, आवाज करतो: पॅड बदलायचे, की ब्लीड करायचं?

माउंटन बाइकचा हायड्रॉलिक ब्रेक ढिला पडला की हात एकतर नव्या पॅडकडे जातो, नाहीतर ब्लीडिंग (ब्रेकच्या तेलातली हवा काढणं) किटकडे. यातलं कुठलं काम करायचं हे लिव्हर, म्हणजे हँडलबारवरचा ब्रेकचा दांडाच सांगतो, फक्त त्याला आधी विचारायला हवं.

चाक जागेवर ठेवून लिव्हर एका बोटाने सावकाश दाबा. तो ठरलेल्या जागी टणक अडतो आणि तरीही उतारावर सायकल थांबत नसेल, तर तेलाचा काही दोष नाही. घर्षण कमी पडतंय, म्हणजे दुखणं पॅड आणि रोटरमध्ये (चाकासोबत फिरणारी, पॅड जिला पकडतात ती धातूची तबकडी) आहे. अशा ब्रेकला कितीही ब्लीड केलंत तरी तो होता तसाच राहणार. उलट लिव्हर स्पंजासारखा दबत हँडलबारला टेकायला आला आणि भराभर तीन-चारदा दाबल्यावर वर आला, तर लाइनमध्ये (तेलाच्या नळीत) हवा आहे. तिथे नवे पॅड म्हणजे निव्वळ वाया. मात्र पॅड झिजत आले असतील तरी लिव्हर लांबवर जातो, म्हणून जाडी आधी बघा. तिसरा प्रकार क्वचित दिसतो: दाबून धरलेला लिव्हर हळूहळू आत सरकत राहतो. हे सील गळण्याचं लक्षण आहे आणि ते गंभीर आहे. तो ब्रेक दुरुस्त होईपर्यंत सायकल चालवू नका.

लिव्हर टणक: साफसफाई की नवे पॅड?

जाडीचा हिशोब सोपा आहे. शिमानो कंपनीच्या पॅडवर घर्षणाचा थर 0.5 मिमीवर आला की पॅड संपला. स्रॅम कंपनीच्या पॅडमध्ये मागच्या पत्र्यासकट एकूण जाडी 3 मिमीच्या खाली गेली की बदलायचा. शिमानोचा नवा रोटर 1.8 मिमी असतो आणि 1.5 मिमीला तो बाद. झिजलेल्या रोटरवर नवे पॅड घालून फारसं काही साधत नाही.

जाडी ठीक असेल तर पॅड काढून उजेडात तिरपा धरा. निरोगी पॅड खडूसारखा कोरडा आणि निस्तेज दिसतो. वर काचेसारखी चकाकी असेल तर उष्णतेने वरचा थर भाजला गेलाय. सपाट फरशीवर 120 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून त्यावर पॅड आठच्या आकड्यात फिरवा. चकाकी गेली की काम झालं. घासताना तोंडावर मास्क हवा.

काळपट, ओलसर डाग असेल तर तो तेलाचा. साखळीवर मारलेल्या स्प्रेचे उडालेले थेंब, सायकल चमकवायचं सिलिकॉन पॉलिश, हातावरचं ग्रीस, एवढंही पुरतं. पॅड सच्छिद्र असतो आणि तेल आत मुरतं. वरून घासल्यावर दोन दिवस बरं वाटतं, मग ब्रेक गरम झाला की आतलं तेल पुन्हा वर येतं. गॅसवर पॅड जाळून तेल उडवायचा उपाय बरेच जण सांगतात. रेझिनच्या (राळेसारख्या चिकट पदार्थाने बांधलेल्या) पॅडमध्ये त्याने पॅड बांधून ठेवणारं रेझिनच जळतं. तेल प्यायलेला पॅड फेकून द्यावा हेच आमचं मत. रोटर मात्र वाचतो: 90 टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ कापडावर घेऊन, कापड काळं व्हायचं थांबेपर्यंत पुसा.

नवे पॅड घेताना रेझिन की सिंटर्ड हा प्रश्न येतोच. रेझिन शांत असतो, थंड असतानाही लगेच पकडतो. पण चिखलात भराभर झिजतो आणि लांब उतारावर तापला की त्याची पकड सुटते. सिंटर्ड म्हणजे धातूचा पॅड उष्णता आणि चिखल दोन्ही सोसतो. बदल्यात तो जास्त ओरडतो आणि पहिल्या एक-दोन ब्रेकना, थंड असताना, कमी पकडतो. रोटरवर फक्त रेझिन पॅडसाठी असं कोरलेलं असेल तर निवडीचा प्रश्नच मिटला, सिंटर्ड त्या रोटरला खाऊन टाकेल.

आणि पॅड कुठलाही असो, तो रोटरवर रुळवावा लागतो. मध्यम वेगातून चालण्याच्या वेगापर्यंत 20 वेळा ब्रेक मारा, मग जास्त वेगातून 10 वेळा. चाक जाम होऊ द्यायचं नाही, पूर्ण थांबायचंही नाही. पॅडचा पातळ थर रोटरवर सारखा चढतो आणि खरी पकड तिथून येते. नवे पॅड घालूनही लागत नाही, अशी तक्रार असेल तर ही पायरी राहिली आहे का ते आधी बघा.

लिव्हर मऊ: फक्त वरून, की पूर्ण ब्लीड?

सायकल उलटी ठेवल्यानंतर लिव्हर मऊ झाला असेल, तर लिव्हरमधल्या तेलाच्या टाकीतली हवा लाइनमध्ये शिरली आहे. शिमानोच्या ब्रेकला यावर दहा मिनिटांचं काम पुरतं. चाक आणि पॅड काढून कॅलिपरमध्ये (पॅड आणि त्यांना ढकलणारे पिस्टन असलेला चाकाजवळचा भाग) ब्लीड ब्लॉक, म्हणजे पॅडच्या जागी बसणारा ठोकळा घाला, लिव्हर आडवा करा, वरचा स्क्रू काढून फनेल बसवा आणि थोडं तेल ओता. लिव्हर हलके हलके दाबत, लाइनवर टिचक्या मारत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत.

तेल काळं झालं असेल, लाइन कापली असेल किंवा वरच्या ब्लीडनेही लिव्हर टणक होत नसेल, तर पूर्ण ब्लीड. कॅलिपरच्या निपलला (तेल भरायच्या छोट्या तोंडाला) सिरिंज लावून निपल अष्टमांश फेरा उघडा आणि तेल खालून वर ढकला. शेवटी सिरिंजच्या जागी नळी-पिशवी लावा, लिव्हर दाबून धरा आणि निपल अर्ध्या सेकंदापुरतं उघडून बंद करा, असं दोन-तीनदा. कॅलिपरच्या कोपऱ्यात अडकलेला बुडबुडा बहुधा तेव्हाच सुटतो.

तेलाच्या बाबतीत चूक परवडत नाही. शिमानो, मागुरा आणि टेक्ट्रोला मिनरल ऑइल, होप आणि स्रॅमच्या बहुतेक मॉडेलना डॉट (दुसऱ्या प्रकारचं ब्रेक फ्लुइड); पण स्रॅमचेच डीबी8 आणि मेव्हन मिनरलवर चालतात. म्हणून कंपनीच्या नावावर न जाता लिव्हरवर कोरलेलं वाचा. उलटसुलट भरलं तर सील फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. डॉट हवेतलं पाणी शोषतं आणि रंग खातं, सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

फक्त आवाज असेल तर

पाण्यातून गेल्यावरची किंकाळी दोन-चार ब्रेकमध्ये थांबते, ती सोडून द्या. कोरड्यातही ओरडत असेल तर पॅडवर तेल आहे का बघा, आणि त्याआधी बोल्ट. कॅलिपरचे बोल्ट शिमानोत 6 ते 8 न्यूटन-मीटर घट्ट हवेत. ढिल्या बोल्टमुळे अख्खी फ्रेम घुमते.

चाक फिरताना ठरावीक अंतराने टिंग-टिंग वाजत असेल तर रोटर वाकडा आहे. वाकडा भाग खुणेने शोधून रोटर सरळ करायच्या पान्याने थोडा थोडा वळवावा लागतो. सतत घासत असेल तर कॅलिपर एका बाजूला सरकलाय: बोल्ट ढिले करा, लिव्हर दाबून धरा, तसेच आवळा. तरीही एकीकडे घासत असेल तर एक पिस्टन अडकलाय. पॅड काढून, चांगल्या पिस्टनला टायर लिव्हरने अडवून अडकलेला 2-3 मिमी बाहेर आणा, कापसाच्या काडीने अल्कोहोल लावून पुसा, ब्रेकमधल्याच तेलाचा एक थेंब लावा आणि प्लास्टिकच्या टायर लिव्हरने परत ढकला. दोन-तीनदा केलं की तो सहसा मोकळा होतो.

नवे पॅड आठवड्यात पुन्हा तेलकट झाले, तर तेल आतून येतंय. कॅलिपर पुसून कोरडा करा, ब्लीड ब्लॉक घालून लिव्हर रबरबँडने रात्रभर बांधून ठेवा. सकाळी पिस्टनच्या कडेला ओल दिसली तर सील गेलंय. होपला सीलचं किट मिळतं. शिमानो कॅलिपरचे सील सुटे देत नाही, तिथे कॅलिपरच बदलायचा.