नातं संपलं, पण जोडीदार घर सोडत नाही: डीव्हीचा (कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा) अर्ज, दिवाणी दावा की पोलीस?

फ्लॅट तुमच्या एकट्याच्या नावावर, लग्न झालेलं नाही, नातं संपलंय आणि समोरचा माणूस हलायला तयार नाही. अशा वेळी मित्रमंडळी पहिला सल्ला देतात तो कुलूप बदलण्याचा. तो ऐकू नका. ताब्यातून बेकायदा बाहेर काढलेल्या माणसाला 6 महिन्यांच्या आत दावा लावता येतो आणि त्या दाव्यात घराची मालकी कोणाची हा प्रश्नच बाजूला राहतो. गोव्यातल्या एका बहिणीवर भावाने असाच दावा लावला होता. खालच्या कोर्टांत ती हरली. फुकट राहू दिलेल्या माणसाला, तो कितीही वर्षं राहिला तरी, घरात हक्क मिळत नाही, हे 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं तेव्हा कुठे ती सुटली. कायदा तिच्या बाजूने असूनही तिला दिल्लीपर्यंत जावं लागलं.

मग खरे रस्ते दोन उरतात.

तुम्ही स्त्री असाल आणि तो मारहाण, धमक्या, शिवीगाळ किंवा पैशांवरून छळ करत असेल, तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. माझ्या मते इथे दुसरा विचार करूच नये. कलम 19 खाली त्याला घराबाहेर जाण्याचा आदेश देता येतो आणि कलम 23 खाली अंतरिम, प्रसंगी एकतर्फी आदेशही मिळतो. कायद्यात पहिली तारीख साधारण 3 दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत अपेक्षित आहे. निकालाला प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, म्हणून सगळा जोर अंतरिम आदेशावर ठेवा. मेसेज, डॉक्टरांचे कागद, पूर्वीच्या एनसीची (पोलिसांनी नोंदवलेल्या अदखलपात्र तक्रारीची) प्रत अर्जालाच जोडा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

या रस्त्याच्या मर्यादाही आहेत. नातं लग्नासारखं होतं हे दाखवावं लागतं; अधूनमधून मुक्कामाला येणं पुरत नाही. तो विवाहित आहे हे तुम्हाला आधीपासून माहीत असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या इंद्रा सर्मा निकालामुळे ते नातं ‘लग्नासारखं’ ठरवण्यात अडचण येते. नुसतं ‘जात नाही’ एवढ्यावरही हा अर्ज टिकत नाही.

पुरुषाला हा अर्ज करता येत नाही. उलट घरात राहणारी स्त्री याच कायद्याखाली निवासाचा हक्क मागू शकते, त्यामुळे तिला हुसकावण्याचा प्रयत्न अंगाशी येतो. पुरुषांसाठी आणि जिथे छळ नाही अशा स्त्रियांसाठी रस्ता दिवाणीच. आधी वकिलामार्फत रजिस्टर पोस्टाने नोटीस: ‘तुम्हाला दिलेली राहण्याची परवानगी रद्द करत आहे, अमुक तारखेपर्यंत सामानासह घर सोडा.’ मुदत वाजवी द्या, 30 दिवस दिलेले बरे. त्यानंतर समोरून ‘या महिन्याचे’ म्हणून आलेले पैसे परत पाठवा, नाहीतर परवानगी चालूच होती असा युक्तिवाद तयार होतो. मुदत संपली की लगेच दावा लावा. वेळ न दवडता आलात तर आज्ञात्मक मनाई हुकूम, म्हणजे त्याने घराबाहेर जावं असा कोर्टाचा थेट आदेश, मागता येतो; रेंगाळलात तर ताब्याचा पूर्ण दावा गळ्यात पडतो. मुंबईत असे वाद, फुकट राहणाऱ्याचेही, लघुवाद न्यायालयात (स्मॉल कॉजेस कोर्टात) जातात. यात वर्षं जाऊ शकतात आणि वकिलाची फी चालू राहते, हे धरूनच उतरा.

पोलीस घर रिकामं करून देत नाहीत. ‘सिव्हिल मॅटर आहे’ हे उत्तर तुम्हाला मिळणारच. मात्र धमकी किंवा मारहाण झाली तर 112 लावा आणि तक्रारीची प्रत हातात घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.

घर भाड्याचं असेल तर मालकाशी बोलून करार संपवणं सगळ्यात सोपं. आणि इंडेक्स टूवर (घराच्या नोंदणीच्या उताऱ्यावर) दोघांचीही नावं असतील, तर वरचं काहीच लागू होत नाही. तो सहमालक आहे. तिथे वाटणीचा दावा किंवा त्याचा हिस्सा विकत घेणं एवढंच उरतं. फक्त छळ होत असेल, तर तो सहमालक असला तरी डीव्हीचा अर्ज करता येतो.