स्वस्त लॅपटॉप की ताकदवान: दोन्ही वापरून पाहिल्यानंतर

लॅपटॉप घ्यायला निघालेला माणूस सर्वांत आधी प्रोसेसरचे नाव विचारतो, आणि माझ्या मते निवड फसते ती बहुधा तिथेच. या परीक्षणासाठी मी दोन टोकांचे दोन लॅपटॉप रोजच्या कामाला आलटूनपालटून वापरले. पहिला अगदी खालच्या वर्गातला आहे. त्यात इंटेलचा एन१०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम (काम चालू असताना लागणारी तात्पुरती मेमरी) आणि २५६ जीबी एसएसडी (फाइली कायमच्या ठेवायची साठवण) आहे. दुसऱ्यात एएमडीचा रायझन ७ ७८४०एचएस, १६ जीबी रॅम आणि एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड आहे. उत्पादकांची नावे मुद्दामच देत नाही, कारण हेच भाग अनेक कंपन्यांच्या मॉडेलांत बसवलेले असतात आणि पुढे जे लिहिले आहे ते त्या सर्वांनाच थोड्याफार फरकाने लागू पडते.

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. स्वस्त लॅपटॉप प्रोसेसरमुळे क्वचित अडला. तो अडला ते प्रोसेसरभोवती जिथे जिथे काटकसर केली होती तिथे. ताकदवान लॅपटॉपची ताकद खरी आहे, मात्र चार्जर जोडलेला असताना आणि पंख्याचा आवाज सहन करायची तयारी असतानाच ती पूर्णपणे हाती येते.

एन१०० हा २०२३ मध्ये बाजारात आलेला चार कोअरचा, म्हणजे आत चार स्वतंत्र गणनकेंद्रे असलेला, प्रोसेसर आहे. इंटेलच्या मोठ्या प्रोसेसरांत वीज वाचवण्यासाठी जे छोटे कोअर जोडीला दिलेले असतात, तसलेच चार कोअर यात आहेत. मोठा कोअर एकही नाही. त्याची नेमून दिलेली वीजमर्यादा अवघी ६ वॅट आहे. हे वाचून अपेक्षा खालावतात, पण लेखन, हिशेबाची पत्रके, ईमेल, पीडीएफ वाचणे, ऑनलाइन वर्ग अशा कामांत त्याने तक्रारीला जागा ठेवली नाही. व्हिडिओ उलगडण्यासाठी त्यात स्वतंत्र यंत्रणा असल्यामुळे ४के व्हिडिओसुद्धा न अडखळता चालतो आणि त्या वेळी कोअर जवळजवळ रिकामेच असतात. धाप लागते ती दोन प्रसंगी: मागे विंडोजचे अपडेट सुरू असताना, आणि एखादे मोठे सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडताना. अशा वेळी काही क्षण हात थांबवून बसावे लागते. ज्याला हे जमत नाही त्याने या वर्गाच्या वाटेला जाऊ नये.

खरी अडचण रॅमची आहे. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने किमान ४ जीबी रॅमची अट घातली आहे, पण ही अट यंत्रणा सुरू होण्यापुरती आहे, कामासाठी नाही. ८ जीबीच्या लॅपटॉपमध्ये यंत्रणा स्वतःसाठी मोठा वाटा घेते, प्रोसेसरमधले ग्राफिक्सही त्याच रॅममधून आपला हिस्सा उचलते, आणि उरलेल्या जागेत ब्राउझरचे टॅब, व्हिडिओ कॉल आणि एखादी मोठी एक्सेल फाइल एकत्र नांदवायची असते. जागा संपली की यंत्रणा रॅममधला मजकूर एसएसडीवर हलवते आणि लागेल तेव्हा परत आणते. एसएसडी कितीही वेगवान असली तरी रॅमच्या तुलनेत ती फारच संथ असते. लोक ‘लॅपटॉप हँग होतो’ म्हणतात त्यातला बराचसा भाग हाच असतो, आणि दोष मात्र प्रोसेसरला लागतो. एसएसडीऐवजी ईएमएमसी ही स्वस्त आणि संथ साठवण असेल तर हाल आणखी वाढतात. ईएमएमसी ५.१ ची कमाल मर्यादा सेकंदाला ४०० एमबी आहे, तर जुन्या पिढीची, म्हणजे पीसीआयई ३.० या जोडणीची, एनव्हीएमई प्रकारची एसएसडी सेकंदाला सुमारे ३५०० एमबीपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे खालच्या वर्गात ‘१२८ जीबी स्टोरेज’ एवढेच लिहिलेले दिसले आणि प्रकार लिहिलेला नसला, तर तो विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

रॅम पुढे वाढवता येईल का, हा प्रश्न आकड्याहूनही महत्त्वाचा आहे. अनेक लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डवरच डकवलेली असते. ती काढता येत नाही आणि दुसरी बसवायला जागाही नसते. एन१०० मुळातच मेमरीची एकच वाहिनी (रॅमपर्यंतचा मार्ग) वापरतो, त्यामुळे रॅम बसवायला बहुधा एकच खाच मिळते, आणि तीही नसली तर ८ जीबी म्हणजे आयुष्यभर ८ जीबी. एसएसडी बहुतेक लॅपटॉपांत बदलता येते. म्हणून रॅम आणि साठवण यांपैकी एकावरच जास्त पैसे घालता येत असतील, तर मी निःसंकोचपणे रॅमवर घालीन.

पडद्याविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण जाहिरातीत त्याचा उल्लेख ‘फुल एचडी’ या दोन शब्दांवर आटोपतो आणि वापरणाऱ्याचे डोळे त्याच्यावरच सर्वाधिक वेळ असतात. माझ्याकडच्या स्वस्त लॅपटॉपचा पडदा २५० निट्स प्रकाशाचा आणि ४५ टक्के एनटीएससी रंगक्षमतेचा आहे. या वर्गात हे दोन आकडे वारंवार भेटतात. ४५ टक्के एनटीएससी म्हणजे इंटरनेटवरची चित्रे ज्या एसआरजीबी रंगपट्टीत तयार होतात तिच्या जेमतेम दोनतृतीयांश रंग. लाल रंग विटकरीकडे झुकतो, त्वचेचा रंग फिका पडतो, आणि खिडकीजवळ बसले की पडद्यावर मजकुराआधी स्वतःचा चेहरा दिसतो. केवळ टायपिंग करणाऱ्याला रंगांचे सोयरसुतक नसेलही. अपुऱ्या उजेडाचा त्रास मात्र त्यालाही होतोच. छायाचित्रे निवडणारा, कपड्यांची किंवा दागिन्यांची ऑनलाइन विक्री करणारा, पोस्टर तयार करणारा अशा कोणीही या पडद्यावर भरवसा ठेवू नये. दुसऱ्या लॅपटॉपचा पडदा पूर्ण एसआरजीबी रंग दाखवतो. एकच छायाचित्र दोन्हींवर शेजारी शेजारी उघडले, तर ते एकाच फाइलमधले आहे हे पाहणाऱ्याला सांगावे लागते. लॅपटॉपचा पडदा नंतर कोणी हौसेने बदलत नाही; तो खरेदीच्या दिवशी असतो तसाच शेवटपर्यंत राहतो.

बाकीची काटकसर थोडक्यात सांगतो. कीबोर्डचा मधला भाग बोटांखाली किंचित दबतो आणि कळांच्या मागे उजेड नाही. कॅमेरा ७२०पी आहे. चार्जर गोल पिनचा असल्यामुळे फोनचा चार्जर अडीअडचणीला उपयोगी पडत नाही. पण या लॅपटॉपला पंखाच नाही, आणि ती शांतता काही दिवसांनी इतकी सवयीची होते की दुसरा लॅपटॉप सुरू केल्यावर दचकायला होते.

दुसऱ्या लॅपटॉपमध्ये आठ पूर्ण ताकदीचे कोअर आहेत आणि तो एकटा प्रोसेसर ३५ ते ५४ वॅट वीज घेण्यासाठी बनवलेला आहे. मोठा प्रोग्राम कंपाइल करणे (लिहिलेल्या कोडचे चालणारे सॉफ्टवेअर बनवणे), अनेक थरांचा ४के व्हिडिओ कापून जोडणे, ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये त्रिमितीय दृश्य रेंडर करणे (त्याचे अंतिम चित्र तयार करणे) या कामांत दोन लॅपटॉपांची तुलनाच करू नये. ब्लेंडरला एनव्हिडियाच्या कार्डाची ताकद थेट वापरता येते, आणि स्वस्त लॅपटॉपला रात्रभर लावून ठेवावे लागेल असे काम इथे चहा होईपर्यंत उरकते. स्वतःच्या संगणकावर भाषा-मॉडेल (चॅटजीपीटीसारख्या एआयचा गाभा) चालवून पाहणाऱ्यांसाठीही हा वर्ग अर्थपूर्ण आहे, पण तिथे कार्डाच्या वेगापेक्षा त्याची स्वतःची मेमरी आधी अडवते. आरटीएक्स ४०६० च्या लॅपटॉप आवृत्तीत ती ८ जीबी असते. सात-आठ अब्ज पॅरामीटरचे (आतल्या आकड्यांचे), प्रत्येक आकडा चार बिटांत आकसलेले मॉडेल तिच्यात मावते. त्याच्या दुप्पट-तिप्पट मोठे घेतले की काही भाग साध्या रॅमवर जातो आणि वेग एकदम खाली येतो.

ग्राफिक्स कार्डाच्या नावावर विसंबून राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एनव्हिडिया लॅपटॉपसाठीचे आरटीएक्स ४०६० हे कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत चालवण्याची मुभा उत्पादकांना देते. नाव एकच, स्टिकर एकच, पण सडपातळ लॅपटॉपमध्ये कमी विजेवर बांधून ठेवलेले ४०६० हे जाडजूड लॅपटॉपमध्ये पूर्ण विजेवर चालणाऱ्या, एक पायरी खालच्या ४०५० कार्डाच्या मागे पडू शकते. कार्डाला किती वॅट मिळणार आहेत हे तपशिलाच्या पानावर कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेले असते. ते शोधून काढण्याचे श्रम सार्थकी लागतात.

आता बॅटरीचा हिशेब. पूर्ण भारावर कार्डाचे ११५ वॅट आणि प्रोसेसरचे सुमारे ४५ वॅट धरले तर एकूण १६० वॅट होतात. बॅटरी ८० वॅट-तासांची असेल, तर सरळ भागाकार अर्ध्या तासाचा येतो. बॅटरी वाटेल तेवढी मोठीही करता येत नाही, कारण विमानात विनापरवानगी नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॅट-तास आहे, आणि मोठमोठ्या लॅपटॉपांची बॅटरीही ९९ च्या आसपास थांबते ती त्यामुळेच. म्हणून चार्जर काढताक्षणी हे लॅपटॉप आपली ताकद आवरून घेतात. ज्या वेगासाठी जादा पैसे मोजले, तो वेग भिंतीतल्या सॉकेटला बांधलेला असतो. त्यातच चार्जर विटेएवढा, आणि लॅपटॉपसह पाठीवरचे ओझे तीन किलोच्या आसपास. ज्याचे काम एकाच टेबलावर होते त्याला याचे काही वाटणार नाही, पण मग त्याने डेस्कटॉपचाही विचार करायला हवा, कारण तितक्याच पैशांत डेस्कटॉप अधिक काम देतो आणि त्याचा प्रत्येक भाग पुढे बदलता येतो.

या दोन टोकांच्या मध्ये जे आहे तेच बहुतेकांनी घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे: १५ ते २८ वॅटच्या वर्गातला साधा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, किमान ३०० निट्सचा पूर्ण एसआरजीबी पडदा आणि यूएसबी-सीवर चार्ज होण्याची सोय. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नको. मात्र इथे प्रोसेसरच्या नावांचा घोळ सुरू होतो आणि तो जाणूनबुजून घातलेला असावा अशी शंका येते. रायझन ५ ७५२०यू, ७५३०यू आणि ७५४०यू ही तिन्ही नावे एकाच कुटुंबातली वाटतात. प्रत्यक्षात एएमडीच्या त्या मालिकेत तिसरा अंक आतली रचना सांगतो. पहिला झेन २ रचनेवर, दुसरा झेन ३ वर आणि तिसरा झेन ४ वर बेतलेला आहे, आणि झेन २ ही रचना २०१९ मधली आहे. सुरुवातीच्या ७ या अंकाला भुलून पहिला घेणारा माणूस नव्या वेष्टनातली जुनी रचना घरी आणतो. इंटेलच्या नावांत शेवटचे अक्षर पाहावे. यू म्हणजे कमी विजेचा, एच म्हणजे जास्त विजेचा. ‘आय५ आहे ना?’ एवढे विचारून काहीच कळत नाही.

ॲपलचा मॅकबुक एअर या मधल्या जागेत चपखल बसतो. २०२० मध्ये ॲपलचा स्वतःचा एम१ प्रोसेसर आल्यापासून त्यात पंखा नाही आणि बॅटरीवरही वेग उतरत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून त्याची सर्वांत कमी रॅमही १६ जीबी झाली आहे. पण सॉलिडवर्क्ससारखी अभियांत्रिकीची काही सॉफ्टवेअर त्यावर चालतच नाहीत, तेव्हा विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमात कोणते सॉफ्टवेअर लागणार ते आधी विचारून घ्यावे आणि मग लॅपटॉप ठरवावा.

ज्यांचे बजेट खरोखरच पहिल्या लॅपटॉपएवढे आहे, त्यांना मी नव्या स्वस्त लॅपटॉपऐवजी कार्यालयीन वर्गातला, नूतनीकरण करून विकला जाणारा जुना लॅपटॉप पाहायला सांगेन. त्या वर्गात कीबोर्ड आणि बिजागरी मजबूत असतात आणि अनेक मॉडेलांत रॅमच्या दोन खाचा मिळतात. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे प्रोसेसर, काही मोजके अपवाद सोडले तर, स्वीकारत नाही. त्यामुळे सातव्या किंवा त्याआधीच्या पिढीचा लॅपटॉप कितीही स्वस्तात मिळाला तरी सोडून द्यावा. बॅटरी थकलेली असणार हे गृहीत धरूनच किंमत ठरवावी. पैसे देण्यापूर्वी पडदा पूर्ण उजेडावर लावून पाहावा आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती खाचा भरल्या आहेत ते वाचून घ्यावे.