वायरलेस इंटरनेटवर पोर्ट बंद असताना फायली पाठवायच्या कशा?

राउटरमध्ये पोर्ट (जोडणी आत येण्यासाठीचे क्रमांकित दार) उघडूनही बाहेरून तो बंदच दिसतो, असा अनुभव सिमकार्डावर किंवा गच्चीवरच्या अँटेनावर चालणारे इंटरनेट घेतलेल्यांना वारंवार येतो. दोष बहुधा राउटरचा नसतो. इंटरनेटवरील पत्त्यांच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, एकूण पत्तेच सुमारे ४३० कोटी असल्यामुळे कंपन्या एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात. या पद्धतीला सीजीनॅट म्हणतात आणि तिच्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारे पत्ते राखून ठेवले गेले. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ (कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) या टप्प्यातला दिसला, तर बाहेरची विनंती तुमच्या घरापर्यंत पोहोचतच नाही, हे निश्चित समजावे.

स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा असा न बदलणारा सार्वजनिक पत्ता, मिळाल्यास हा अडथळा मुळापासून दूर होतो. परंतु घरगुती वायरलेस जोडणीवर तो क्वचितच मिळतो आणि मिळाला तरी वेगळे शुल्क पडते. शिवाय विंडोजच्या फाइल शेअरिंगचा ४४५ हा पोर्ट इंटरनेटवर कधीही उघडू नये, कारण मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणी मागणारा व्हायरस याच वाटेने जगभर पसरला होता.

घरच्या मंडळींपुरतेच काम असेल, तर टेलस्केल किंवा सिंकथिंग या सॉफ्टवेअरपैकी एक पुरेसे आहे. दोन्हींत उपकरणे आतून बाहेर जोडणी करतात, म्हणून पोर्ट उघडावा लागत नाही; थेट जोडणी जमली नाही तर माहिती कूटबद्ध स्वरूपात मधल्या रिले सर्व्हरमार्फत जाते आणि वेग घटतो. टेलस्केलमुळे घरचा संगणक दूर बसून वापरता येतो, तर सिंकथिंग फायलींची प्रत दोन्हीकडे ठेवते; मात्र त्यासाठी दोन्ही उपकरणे एकाच वेळी चालू असावी लागतात. आई-वडिलांच्या फोनमधील छायाचित्रे जपायची असतील, तर मी सिंकथिंगच सुचवीन.

अनोळखी किंवा अनेक लोकांना मोठ्या फायली द्यायच्या असतील, तेव्हा मात्र भाड्याचा सर्व्हर, म्हणजे व्हीपीएस, घेणे मला सर्वांत योग्य वाटते. वायरलेस जोडणीचा खरा तुटवडा अपलोडमध्ये असतो: २ जीबीची फाइल घरून १० जणांना दिली तर २० जीबी वर चढवावे लागतात, व्हीपीएसवर मात्र ती एकदाच चढते आणि पुढचा भार सर्व्हर उचलतो. दरमहा भाडे आणि सर्व्हर अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी ही त्याची किंमत होय.

टॉरंट (एकमेकांच्या संगणकांवरून थेट फायली घेण्याची पद्धत) वापरणाऱ्यांनी ६८८१ या तिच्या नेहमीच्या पोर्टच्या जागी दुसरा पोर्ट लावून पाहण्यात वेळ दवडू नये. डाउनलोड चालतेच, कारण जोडणीची सुरुवात तुमच्याकडून होते. परंतु समोरच्याचाही पोर्ट बंद असेल तर दोघांची गाठ पडणे कठीण, आणि म्हणूनच दुर्मीळ फाइल पुरवणारा एकटा सीडर सीजीनॅटमागे असेल, तर ती मागणाऱ्यांपैकी अनेकांना मिळतच नाही.