आठ महिने मल्टिमीटर आणि टेस्ट लॅम्प : चालू न होणाऱ्या ओम्नीवरचा माझा अनुभव

चिपळूणहून लोट्याच्या एमआयडीसीत आमचे रोज सव्वाशे डबे जातात. परशुराम घाट ओलांडून साडेबाराच्या आत पोचावं लागतं, कारण जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. डबे नेणारी ओम्नी २००७ची आहे. २२ जुलै २०२१च्या पुरात ती सीटच्या वरपर्यंत पाण्यात होती. नंतर इंजिन उतरवून काम करून घेतलं, सीटा नव्या बसवल्या, पण वायरिंग वाळलंय म्हणून तसंच ठेवलं. ते आम्हाला फार महागात पडलं.

गेल्या नोव्हेंबरात दुखणं सुरू झालं. किल्ली फिरवली की सीटखाली एकच ‘टिक’, पुढे काही नाही. धक्का मारला की गाडी लगेच चालू. गॅरेजमध्ये आधी बॅटरी बदलायला लावली, मग सेल्फ, म्हणजे इंजिनला पहिली फिरकी देणारी स्टार्टर मोटर, उतरवून तिचे कार्बन ब्रश बदलले. साडेपाच हजार गेले आणि चौथ्या दिवशी पुन्हा टिक. त्या दिवशी डबे रिक्षाने पाठवले. संध्याकाळी मी सातशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर (व्होल्ट, करंट मोजायचं यंत्र) आणि ऐंशी रुपयांचा बल्बवाला टेस्ट लॅम्प आणला. आठ महिने दोन्ही वापरून झाले, म्हणून हे लिहितेय.

आमच्या शेजारचे काका एसटीच्या डेपोत इलेक्ट्रिशियन होते. वापरायला त्यांनी शिकवलं. पहिल्याच दिवशी मी बॅटरीला मीटर लावला, १२.६ आलं. म्हटलं, बॅटरी तर छान आहे. मग इंजिन ते बॉडी या अर्थच्या पट्टीला, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणाऱ्या पट्टीला, तो कंटिन्युइटीवर (तार जोडलेली असली की बीप वाजवणाऱ्या सेटिंगवर) लावला, बीप वाजला. म्हणजे पट्टीही ठीक. काका म्हणाले, “सूनबाई, पट्टीतली एक तार धड असली तरी बीप वाजतो. पण सेल्फला शंभर अँपियरच्या आसपास लागतात, ते एका तारेतून जातील का? लोड टाक आणि मग मोज.”

ही एक गोष्ट मला गॅरेजमध्ये कोणी सांगितली नव्हती. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. त्यामुळे कुजलेल्या वायरीच्या टोकालाही तो बारा व्होल्ट दाखवतो. वायर खरी कशी आहे ते किल्ली फिरवलेली असतानाच कळतं.

मग गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, इग्निशन कॉइलचा कनेक्टर काढलेला, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. पुढची सीट उचलली. मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी पिन थेट बॅटरीच्या मायनस खुंटीवर. खुंटीवर हं, क्लॅम्पवर नाही, नाहीतर क्लॅम्पचा गंज मोजमापातून सुटतो. लाल पिन इंजिनच्या उघड्या लोखंडावर. दिराने किल्ली फिरवली. टिक. मीटरवर ६.२.

अर्थिंग चांगलं असेल तर इथे ०.२च्या आसपास यायला हवं. आमचे सहा व्होल्ट परतीच्या वाटेतच खर्च होत होते. बॅटरीच्या दोन्ही खुंटींवर मोजलं तर किल्ली फिरवताना ११.३. तेव्हा मला वाटलं, एवढे आहेत म्हणजे चांगलंच. काकांनी उलगडून सांगितलं: सेल्फ खरोखर फिरत असेल तर बॅटरी दहा-साडेदहापर्यंत खाली यायलाच हवी. टिक होऊनही ती अकराच्या वर राहते, याचा अर्थ करंट पोचतच नाही. बॅटरी साडेनऊच्याही खाली बसली, तर बॅटरीवर संशय घ्यायचा. हा एवढा फरक कळला असता तर नवी बॅटरी घेतली नसती. आणखी एक खूण होती. चार-पाचदा किल्ली मारल्यावर ॲक्सिलरेटरची केबल हाताला कोमट लागत होती. पट्टीतून वाट नाही म्हणून करंट त्या केबलमधून परत येत होता.

पट्टी काढली. वरून विणलेली तांब्याची पट्टी धड दिसत होती, पण थिंबळाजवळ (टोकाला बोल्टसाठी असते त्या धातूच्या कडीजवळ) वाकवली तर आतून हिरवी पूड गळली आणि निम्म्या तारा हातात आल्या. नवी पट्टी अडीचशे रुपयांची. बॉडीवर जिथे बोल्ट बसतो तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलिन फासलं. पुन्हा मोजलं : ०.१२. कनेक्टर जोडून किल्ली मारली आणि पहिल्या झटक्यात इंजिन लागलं. चालू गाडीत बॅटरीवर १४.१ आलं, म्हणजे डायनामोही चार्जिंग नीट करतोय. स्वयंपाकघरातल्या बायका बाहेर येऊन बघत होत्या. मला रडू आलं, ते सांगायला लाज वाटत नाही.

टेस्ट लॅम्पची किंमत मला जूनमध्ये कळली. पहिल्या पावसात किल्ली फिरवली तर टिकसुद्धा नाही. सोलेनॉइडला, म्हणजे सेल्फवरच्या विजेच्या स्विचला, किल्लीकडून जी बारीक वायर येते ती काढून मीटर लावला, किल्ली फिरवल्यावर १२.२. मीटरच्या मते सगळं उत्तम. त्याच टोकाला टेस्ट लॅम्प लावला, तर बल्बची तार जेमतेम लाल झाली आणि मीटर चारवर आला. बल्ब अर्धा अँपियरसुद्धा ओढत नाही, तेवढ्यानेच खोटं उघडं पडलं. वायर मागे मागे शोधत गेलो तर डॅशखाली एक कनेक्टर सापडला, पिना हिरव्यागार. पुराचंच पाणी. तो कापून सोल्डर केला, वर हीट श्रिंक (तापवली की आवळून बसणारी नळी) चढवली, आणि काकांच्या सांगण्यावरून एक रिले (थोड्या करंटवर चालून मोठा भार जोडणारा स्विच) टाकला, म्हणजे सोलेनॉइडचा भार जुन्या किल्लीच्या स्विचवर येत नाही. म्हणून सांगते, टेस्ट लॅम्प घेताना साध्या बल्बचाच घ्या. एलईडीचा घेतलात तर तोही कुजक्या वायरीवर उजळून पेटेल.

बॅटरी उतरण्याचंही एक प्रकरण मध्ये होऊन गेलं. गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की मेलेली. मायनस केबल काढून मध्ये मीटर १० अँपियरवर लावला, सगळं बंद असताना ०.६२. ५० मिलिअँपियरच्या आत असायला हवं. आमची बॅटरी ३५ एएचची (अँपियर-अवरची, म्हणजे एक अँपियर ओढला तर ३५ तास पुरणारी), या हिशेबाने ती दोन-अडीच दिवसांत रिकामी होणारच. एकेक फ्यूज काढत गेले, आकडा हलेना. शेवटी टेपच्या ॲम्प्लिफायरची वायर सापडली, बसवणाऱ्याने ती फ्यूज बॉक्सला न घेता थेट बॅटरीवर जोडलेली. ती काढली, मीटर ०.०२ वर.

आता मीटरचे दोष. स्क्रीनला लाइट नाही, पहाटे सीटखाली मोबाइलचा टॉर्च धरावा लागतो. सर्वांत कमी-जास्त आकडा धरून ठेवायची सोय नाही, त्यामुळे किल्लीवर एक आणि मीटरवर एक अशी दोन माणसं लागतातच. पिना बोथट, गंजावरून घसरतात. मी घासून टोक काढलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं : अँपियर मोजून झालं की लाल वायर व्होल्टच्या भोकात परत घाला. दिराने तशीच राहू दिली आणि बॅटरीच्या दोन्ही खुंटींना लावली, क्षणात आतला फ्यूज उडाला. फ्यूजवर निभावलं. काही स्वस्त मीटरमध्ये १० अँपियरच्या बाजूला फ्यूजच नसतो, ते दुकानातच विचारून घ्या. अँपियरवर मीटर लावलेला असताना किल्ली चुकूनही मारू नका, सेल्फचा करंट त्याच्या कितीतरी पटीने जास्त असतो.

तो करंट मोजायचा म्हणून मी क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमटा लावून मोजणारा, बघायला गेले होते. दुकानदाराने बाराशेचा पुढे केला. डब्यावर वाचलं तर क्लॅम्पने फक्त एसी करंट मोजतो, आणि बॅटरीचा करंट डीसी, म्हणून गाडीला उपयोग शून्य. डीसीचा बराच महाग आहे, आणि व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट खर्च होतात ते, बघून माझं काम भागतंय, म्हणून घेतला नाही.

रोज गाडी वापरून पोट भरणाऱ्या, दहा-पंधरा वर्षांपेक्षा जुनी गाडी असणाऱ्या माणसाने हे आठशे रुपये जरूर खर्च करावेत, पुरात भिजलेली गाडी असेल तर आधी. गॅरेज सुटत नाही, सेल्फ उतरवायला मी आजही तिथेच जाते. पण आता जाताना कागदावर आकडे लिहून नेते, आणि गेल्या महिन्यात मिस्त्रीने तो कागद वाचून सेल्फला हात न लावता आधी प्लसच्या केबलचं थिंबळ बदललं. मीटरमधली ९ व्होल्टची बॅटरी अजून पहिलीच आहे.