चामखीळ, मस, तीळ दाखवायचा असेल तर : नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या स्किन क्लिनिकचा अनुभव

मी आत्याला घेऊन गेले होते. ती निफाडला असते, वय सत्तरच्या पुढे, आणि पाठीवर एक काळपट जाडसर मस, रुपयाएवढा झालेला. तो हळूहळू वाढत होता आणि ब्लाउजला घासून खाजायचा, त्यामुळे घरात सगळ्यांनी मनात कॅन्सरच धरला होता. गावाकडे कुणी म्हणे घोड्याचा केस बांधा, कुणी म्हणे चुना लावा, आणि नाशिकमध्येच एका पार्लरवाल्यांनी तर नीट न बघताच सांगितलं की बसा, आत्ता जाळून टाकतो. हे ऐकून मला खरंच राग आला, कारण काय आहे ते माहीत नसताना जाळायचं कसं?

इथल्या मॅडमनी आधी लाइटचं छोटं भिंग काढलं, डर्मोस्कोप म्हणतात त्याला, मसावर जेलचा थेंब टाकला, भिंग टेकवलं आणि मोबाइल लावून आम्हालाही स्क्रीनवर दाखवलं. नुसत्या डोळ्यांना काळा गोळा दिसत होता तो तिथे वेगळाच दिसला, आत पांढरे बारीक ठिपके आणि मधेमधे काळी बुचं बसल्यासारखी छिद्रं. याला सेबोऱ्हिक केराटोसिस म्हणतात, वयामुळे येतं, कॅन्सर नाही. वरून मेणाचा थेंब पडून चिकटावा तसं दिसतं, बोट फिरवलं की खरखरीत तुपकट लागतं. मी विचारलं की ६ मिलिमीटरपेक्षा मोठं, कडा वेड्यावाकड्या, एकात दोन-तीन रंग, दोन्ही अर्धे सारखे नाहीत आणि बदलत राहणं ही तर धोक्याची लक्षणं आहेत ना, मग हे कसं साधं? तर म्हणाल्या तो नियम तिळासारख्या डागातला मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा एक घातक कॅन्सर, ओळखायला आहे, हे केराटोसिस त्या नियमात बरेचदा नापास होतात आणि तरी निरुपद्रवी असतात, म्हणून तर भिंग लागतं आणि तरीही शंका राहिली तर तुकडा तपासायचा. काढायचा असेल तर काढू, पण गरज नाही, असं स्पष्ट सांगितलं. पैसे मिळवायची संधी समोर असताना असं सांगणारे डॉक्टर मला फार मोलाचे वाटतात.

मानेवरच्या लोंबत्या चामखिळी बघून आत्याला शुगर तपासायला सांगितली, कारण वजन आणि शुगरवाल्यांना त्या जास्त येतात. गालावरचे बारीक काळे दाणेही साधेच, आपल्या सावळ्या लोकांत खूप दिसतात.

पण खरी गोष्ट पुढे झाली. मॅडमनी विचारलं, "आजी, अजून कुठे काही? न भरणारी जखम वगैरे?" आत्या नाही म्हणाली, मग अडखळत म्हणाली की कमरेला परकराच्या नाडीखाली जरा सोलवटलंय, ते काय कायमचंच आहे. बघितलं तर काळा जाड पट्टा आणि त्यात एक ओली जागा, खपली धरते आणि परत निघते. पाठीच्या एवढ्या मोठ्या मसाला हात न लावणाऱ्या मॅडमनी इथे मात्र लगेच बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून लॅबमध्ये तपासणं, सांगितली. घट्ट नाडी वर्षानुवर्षं एकाच जागी घासून जखम राहिली तर तिथे स्क्वेमस सेल कॅन्सर, म्हणजे त्वचेचाच एक कॅन्सर, होऊ शकतो, वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये अशा दोन बायकांच्या केसेस छापल्यात. आपल्याकडे किती बायकांना कमरेवर हा पट्टा असतो आणि कुणी कुणाला दाखवत नाही! भूल देऊन बारीकसा तुकडा घेतला, एक टाका. रिपोर्ट चांगला आला, कॅन्सर नाही, घासून घासून झालेली जखम. आता नाडीऐवजी रुंद पट्ट्याचा परकर, सैल, आणि जखम भरेपर्यंत दाखवत राहायचं.

पार्लरचा विषय काढला तेव्हा त्यांनी सांगितलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवा, जाळून टाकलं की लॅबला पाठवायला काही उरतच नाही. आपल्या त्वचेत बेसल सेल कॅन्सर, हा त्वचेचा आणखी एक कॅन्सर, तोसुद्धा बरेचदा काळाच असतो, तीळ समजून लोक जाळतात. आणि मेलॅनोमा आपल्यात कमी, पण झाला तर तळपाय, तळहात, नखाखाली बघायचं. जमैकाचा गायक बॉब मार्ले, त्याला पायाच्या बोटाच्या नखाखालीच झाला होता, फुटबॉलची दुखापत समजले होते, १९८१ मध्ये गेला, वय फक्त ३६.

तक्रारी आहेत. अपॉइंटमेंट घेऊनही खूप वेळ बसवलं, म्हाताऱ्या माणसाला त्या प्लास्टिकच्या खुर्च्या नको होतात. बायोप्सीचा रिपोर्ट इंग्रजीत व्हॉट्सअपवर नुसता टाकून दिला, मॅडमशी बोलणं होईपर्यंत आमच्या पोटात गोळा, तेवढा एक फोन करायला हवा होता. लॅबचा खर्च वेगळा, आधीच विचारून घ्या. पार्किंग नाहीच, रिक्षाने जा.

साडेचार स्टार. जाताना नेलपॉलिश काढून जा आणि अंगावरचं सोडता येईल असे कपडे घाला, मॅडम नखं, तळपाय, कंबर सगळं बघतात. आणि घरातल्या बाईमाणसाला सोबत न्या, आत्या पुरुषमाणसासमोर कमरेचं बोललीच नसती.